बारा जणांची रांग

माझ्या पर्सच्या तळाशी कायम खडूचे तुकडे सापडतात. मी ते मुद्दाम कधी टाकत नाही, पण रविवारी पर्स उपडी केली की मूठभर निघतातच. शाळेतल्या किश्श्यांचंही तसंच होतं. चार मैत्रिणी जमल्या आणि कुणीतरी म्हणालं, "काय गं, तुझ्या शाळेच्या रस्त्यावर बिबट्या फिरतो म्हणे?" की झाली माझी पर्स उपडी. ऐकणाऱ्या हसतात. मी मात्र सांगतासांगताच घाबरत असते.

आधीच कबूल करते, मी भित्री आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, मोबाईलवर हेडसरांचं नाव दिसलं तरी भिते. लहानपणी आम्ही एकलहऱ्याला राहायचो. वडील वीज केंद्रात होते. तिथला भोंगा रोज ठरल्या वेळी वाजायचा आणि मी रोज ठरल्या वेळी दचकायचे. अशा बाईची बदली झाली निफाड तालुक्यातल्या एका शाळेत, जिच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला द्राक्षबाग. पहिली ते आठवीची लहानशी शाळा. त्यात सहावी ते आठवीच्या मुलांमध्ये नेतृत्वगुण वाढवायचा एक उपक्रम आला आणि हेडसरांनी तो माझ्या गळ्यात घातला.

मी म्हटलं, "सर, मीच का?"

हेडसर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नाही म्हणायची भीती वाटते, म्हणून."

*

उपक्रम शिकवायला दर शनिवारी नाशिकहून ओंकार सर यायचे. पंचविशीतला मुलगा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, आणि दर दोन वाक्यांनंतर तोंडात 'एनर्जी' हा शब्द. पोरगा मनानं चांगला होता. मुलांवर ओरडायचा नाही, आणि आमच्या खिचडीला नावं ठेवायचा नाही.

पहिल्याच शनिवारी त्यांनी फळ्यावर माणसांची एक रांग काढली आणि सगळ्यांत पुढच्या माणसाभोवती गोल केला. "हा लीडर. जो सगळ्यांच्या पुढे चालतो, तो लीडर. सांगा बघू, कोणाकोणाला पुढे चालायचंय?"

झाडून सगळे हात वर. ओंकार सर खूश. "बघा मॅडम, काय एनर्जी आहे पोरांमध्ये."

तेवढ्यात वैष्णवी उभी राहिली. आठवीतली, दोन वेण्या, आणि जिभेला हाड नाही. "सर, तसं नाय ते. आमच्या वस्तीच्या रस्त्याला बिबट्या हाय. तो मागच्याला धरतो. म्हणून सगळ्यांनाच पुढं चालायचंय."

सरांनी फळ्यावरचा गोल पुसून टाकला. त्या दिवशी ते खिचडीला थांबले नाहीत.

*

वैष्णवीची वस्ती शाळेपासून दीड-दोन किलोमीटरवर. मधला सगळा रस्ता उसातून. दोन्ही बाजूंना ऊस असा उभा की वर बघितलं तर आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. त्या वस्तीवरून आमच्याकडे बारा मुलं यायची, पहिलीच्या गोट्यापासून आठवीच्या वैष्णवीपर्यंत. दिवाळीत वस्तीवरचं कुत्रं गेलं. मग पाण्याच्या टाकीजवळ चिखलात ठसे दिसले.

ठसे दिसले त्याच्या दुसऱ्या दिवशी वैष्णवीची आई शाळेत आली. वर्गात आली नाही, पायरीवरच बसली. "मॅडम, तुमचं ते नेतेपण शिकवा, माझं काही म्हणणं नाय. पण आता अजून एकदा तो दिसला ना, तर माझी पोरगी घरी. मला शिकलेली पोरगी नको, जिती पोरगी पायजे."

मला स्वतःला स्कूटरवरून तो रस्ता ओलांडताना घाम फुटायचा. पण त्या वस्तीवरच्या दोन पोरींची शाळा आदल्या वर्षी अशीच सुटली होती. आणि एकदा सुटलेली शाळा आमच्याकडे पोरींना परत मिळत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. वैष्णवी घरी बसली की तिच्यामागे वस्तीवरच्या बाकीच्या पोरीही बसणार होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शनिवारी मी ओंकार सरांना म्हटलं, "आपण नेतृत्व शिकवतोय ना? मग या बारा जणांना स्वतःला सांभाळून शाळेत यायला शिकवू."

सरांनी त्यांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "मॅडम, कल्पना छान आहे. पण यात बिबट्याचं मॉड्यूल नाहीये."

*

मग वनखात्याचे एक गार्ड आले. त्यांनी मैदानात मुलांना बसवून सगळं नीट समजावलं. एकट्यानं जायचं नाही. घोळक्यानं, मोठ्यानं आवाज करत जायचं. वाटेत वाकायचं नाही, बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. आणि दिसलाच, तर काही झालं तरी पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे तो धावतो. त्याच्याकडे पाठ करायची नाही, काहीतरी डोक्यावर धरून मोठं दिसायचं आणि हळूहळू मागे सरकायचं.

मुलं एवढी शांत मी कधी पाहिली नव्हती. मीही शांतच होते, कारण माझे दात एकमेकांवर वाजत होते.

"काही शंका?" गार्डनी विचारलं.

पहिलीतल्या गोट्यानं हात वर केला. "साहेब, वाटेत बसायचं नाय, तर मग शी लागली तर?"

गार्डनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाळा, घरूनच करून यायचं."

गोट्याची आई नंतर मला सांगत होती, की त्या दिवसापासून पोरगं लागो न लागो, पहाटे पाचला जाऊन बसतं.

*

आता रांगेला म्होरक्या हवा. ओंकार सरांनी एक लाल शिट्टी आणली. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. सर म्हणाले, आपण लोकशाही पद्धतीनं निवडू. बारा चिठ्ठ्या वाटल्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मी कानात विचारून लिहून दिलं.

मतमोजणी झाली. अकरा उमेदवारांना मतं. दहा जणांना प्रत्येकी एक आणि वैष्णवीला दोन. पोरांनी प्रत्येकानं स्वतःलाच मत दिलेलं! गोट्यानंसुद्धा माझ्या कानात स्वतःचंच नाव सांगितलं होतं. तर वैष्णवी दोन मतांनी निवडून आली आणि तिनं शिट्टी अशी काही गळ्यात घातली की जणू तालुक्याची सभापती झाली.

दुसरं मत कोणाचं, ते मला अक्षरावरून कळलं. हिराचं. हिरा सातवीतली, सुरगाण्याकडची. दिवाळीनंतर तिचे आईबाप द्राक्षबागेच्या कामाला इकडे येतात, वैष्णवीच्या वस्तीशेजारी पाल टाकून राहतात, म्हणून ती अर्धं वर्ष आमची आणि अर्धं वर्ष डोंगरातल्या शाळेची. वर्गात तिचा आवाज मी जवळजवळ ऐकलेला नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची.

मग सरांनी विचारलं, "आता रांगेत शेवटी कोण चालणार?"

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. वैष्णवीसुद्धा. मीसुद्धा, खरं सांगायचं तर. बऱ्याच वेळानं एक हात वर गेला. हिराचा.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"मग?"

"मागं कोणीतरी लागंल ना, मॅडम."

*

रांगेचे नियम मुलांनीच केले. पुढे वैष्णवी, मागे हिरा, लहानगे मध्ये. आवाज करायचा म्हणून गाणी म्हणून बघितली, पण प्रत्येकाचं गाणं वेगळं. शेवटी पाढ्यांवर एकमत झालं, कारण पाढे सगळ्यांना सारखेच नकोसे. सकाळी फाटकावर उभं राहिलं की उसातून "बे एके बे, बे दुणे चार" असं ऐकू यायला लागायचं. मुलं दिसायची नाहीत, नुसता पाढा चालत यायचा. त्या वर्षी आमच्या शाळेत पाढे सगळ्यांत पक्के त्या बारा जणांचे.

आणि वाटेत तीन ठिकाणी मोजणी. वस्तीच्या तोंडाशी, पाटाच्या चारीवरच्या पुलावर, आणि शाळेजवळच्या लिंबाच्या वळणावर. वैष्णवी शिट्टी मारून "मोजा" म्हणायची आणि एकेक जण आपला आकडा ओरडायचा. एकपासून बारापर्यंत. लिंबाच्या वळणावरची मोजणी मला फाटकावर ऐकू यायची. तीच माझी खरी हजेरी. बारा ऐकू येईपर्यंत मी श्वास घेत नसे.

एका सकाळी मोजणी सुरू झाली. चार, पाच, सहा. आणि पुढे काही नाही. सातवा गोट्या. एरवी हा बेंबीच्या देठापासून ओरडणार. मी वाट बघितली. वैष्णवीची शिट्टी पुन्हा वाजली. पुन्हा सहापर्यंत आकडे आले आणि थांबले. फाटकाला धरून मी खाली बसले, बसायचं नाही हे माहीत असूनही.

पाच मिनिटांनी रांग आली. गोट्या मध्येच, धडधाकट, दोन्ही गाल फुगलेले. तोंडात उसाचं एवढं मोठं कांडं कोंबलेलं की सात म्हणायला जागाच नव्हती. मी त्याला आधी पोटाशी धरलं, मग धपाटा घातला, मग रडले. वैष्णवीनं तिथल्या तिथे नवा नियम केला. तोंडात काही असेल तर हात वर.

*

हिराच्या 'बारा'चं वेगळंच दुखणं. ती म्हणायची, पण पोहोचायचं नाही. अकरा ऐकू यायचं आणि मग नुसती वाऱ्याची सळसळ. ती फाटकात दिसेपर्यंत मी मनातल्या मनात अर्धी मरायचे.

ओंकार सरांनी मनावर घेतलं. मैदानाच्या एका टोकाला तिला उभं केलं, दुसऱ्या टोकाला स्वतः गेले. "हिरा, पोटातून आवाज काढ. एनर्जी!" हिराचे ओठ हलले. सरांनी कानाला हात लावला. पुन्हा ओठ हलले. अर्ध्या तासात सरांचाच घसा बसला.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, "अगं, ओरडायला काय होतं?"

ती म्हणाली, "बागेत आम्ही नाय वरडत. वरडायचं काम मुकादमाचं."

मी ओंकार सरांना म्हटलं, जाऊ द्या आज.

*

मग झाली ती रंगीत तालीम. सरांच्या मते नुसतं ऐकून उपयोग नाही, प्रात्यक्षिक हवं. बिबट्या कोण होणार यावर बराच खल होऊन हेडसर तयार झाले. अंगावर पिवळी चादर घेऊन ते संडासाच्या मागे दबा धरून बसले. आम्ही रांगेनं पाढा म्हणत निघालो. मी मुलांबरोबर होते.

हेडसर बाहेर आले. आणि मला माहीत असूनही, पूर्ण माहीत असूनही, जेव्हा मधल्या एका पोरानं "बिबट्या!" अशी किंकाळी फोडली, तेव्हा सगळी रांग फुटली. जो तो पळत सुटला. सगळ्यांत पुढे कोण, तर मी. एक चप्पल मैदानात, दुसरी व्हरांड्यात. वैष्णवी माझ्या मागोमाग, शिट्टी हेलकावे खात.

वर्गाच्या दारात पोहोचून मागे बघितलं, तर मैदानाच्या मधोमध हिरा उभी. एका हातानं गोट्याचा दंड घट्ट धरलेला, दुसऱ्या हातानं दप्तर डोक्यावर, तोंड हेडसरांकडे. एक एक पाऊल मागे येत होती. हेडसरांना काय करावं कळेना, ते चादर सावरत तसेच उभे.

संध्याकाळी वैष्णवीनं सभा घेतली. लाजली होती बिचारी. म्हणाली, "त्या नावानंच सगळे पळतात. आजपासून रस्त्यात त्याचं नाव काढायचं नाय. कोणी काढलं तर शिट्टी काढून घेईन." आता शिट्टी तिच्याच गळ्यात, ती कोणाची काढून घेणार, पण ते कोणी विचारलं नाही.

गोट्यानं विचारलं, "मग तो आला तर काय म्हणायचं?"

कोणी म्हणालं मांजर म्हणू. कोणी म्हणालं पाहुणा. एकानं हळूच हेडसर सुचवलं. ते सगळ्यांना पसंत पडायला लागलं होतं, तेवढ्यात हेडसर खरंच व्हरांड्यातून आले आणि सभा उधळली. ते ठरायचं राहूनच गेलं.

*

जानेवारीत ओंकार सरांनी मूल्यमापनाचा तक्ता भरला. उपक्रमाच्या शेवटी उत्कृष्ट नेत्याला कप मिळणार होता. वैष्णवीला दहापैकी नऊ. हिराच्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्रतिसाद संथ. पुढे येत नाही. आवाज पोहोचत नाही.' दहापैकी तीन.

मला ते पटलं नव्हतं. मैदानातलं ते दप्तर डोक्यावर धरलेलं रूप माझ्या डोळ्यांपुढे होतं. पण सर घाईत होते, हेडसर बाजूला पेन घेऊन उभे होते, आणि मला नाही म्हणायची भीती वाटते हे वर सांगितलंच आहे. मी सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

वैष्णवीनं तक्ता खिडकीतून वाचला होता. दप्तर आवरताना मला म्हणाली, "मॅडम, मागं चालण्याला काय मार्कच नसतात का?"

मी म्हटलं, "बघू." आणि विषय बदलला.

*

त्याच्या पुढच्या शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा. धुकं असं की फाटकावरून शाळेची पाटी दिसत नव्हती. मी शाल गुंडाळून उभी होते. आदल्याच संध्याकाळी वैष्णवीची आई पुन्हा येऊन गेली होती. वस्तीवर कोणाची तरी शेळी गेली होती. "एवढा आठवडा धाडते, मॅडम," असं म्हणून गेली होती.

पाढा ऐकू आला. बेचा होता. जीव जरा खाली पडला. मग शिट्टी, लिंबाचं वळण, आणि वैष्णवीचा आवाज. "मोजा."

एक. दोन. तीन. आकडे येत गेले. सात, गोट्या, कान किटवणारा. आठ, नऊ, दहा, अकरा.

"बारा."

इतकं मोठ्यानं, इतकं स्वच्छ, की आवाज कोणाचा तेच मला कळेना. हिराचा होता. पहिल्यांदाच पोहोचला होता. मला इतका आनंद झाला की आता ओंकार सर आले की आधी हेच सांगायचं असं मी ठरवलंसुद्धा.

आणि लगेच, त्याच आवाजात, तितकंच मोठ्यानं, "तेरा."

धुक्यात गोट्या खिदळला. "तेरा कुठून आले? हिराताई चुकली!" आणखी दोन-तीन चिमुकले आवाज हसले. मलाही तेच वाटलं, पोरगी थंडीनं गडबडली.

वैष्णवी काही बोलली नाही. एरवी चूक दिसली की सोडणारी ती नाही. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा. "हां. चुकली ती. हसू नका. सगळ्यांनी हात धरा. घाई करायची नाय, कोणी पुढं जायचं नाय. तीनचा पाढा. तीन एके तीन."

"तीन दुणे सहा," लहानगे ओरडले. "तीन त्रिक नऊ."

पाढा जवळ येत होता, पण रोजच्यापेक्षा खूप हळू. मग धुक्यातून वैष्णवी दिसली. शिट्टी मुठीत आवळलेली. तोंडानं पाढा चालू होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मागची लहान पोरं मजेत हात हलवत होती.

मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. माझे पाय पळायला निघाले होते. मी दोन्ही हातांनी फाटक धरून ठेवलं आणि आत येणाऱ्या एकेका डोक्यावर हात ठेवत मोजत गेले. एक. दोन. सात, गोट्या. अकरा.

सगळ्यांत शेवटी हिरा आली. उलटी चालत, पाठ माझ्याकडे, दप्तर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बारा म्हणाले. आणि भीतीनं माणसाचं डोकं कसं चालत नाही बघा, मी तिला विचारलं, "बाराच आहात की गं. तेरावा कुठून आणलास?"

हिरानं मान वळवली नाही. आवाज पुन्हा पूर्वीचा झाला होता, अगदी जवळ उभं राहिलं तरच ऐकू येणारा.

"तो आत नाय यायचा, मॅडम. फाटक लावा."